सहा पंचावन्नचं वळण

६ ऑगस्ट

चिमटा,

‘प्रिय’ लिहिणार होतो, पण पेन पुढे सरकेना. अकरा वर्षांत तुझी एक ओळ नाही आणि आता आलं ते असलं कार्ड. तुझीच वाक्यं तुला परत वाचून दाखवतो, म्हणजे नंतर नाही म्हणायला नको. “निरोप समारंभात पुन्हा सूर्याचंच नाव निघालं म्हणे. एकदा १९ नोव्हेंबरला सकाळी सहा पंचावन्नला त्या वळणावर उभा राहून बघ.” खाली सहीसुद्धा नाही, नुसता पत्ता. तिची गरजही नव्हती म्हणा, इतकं खोचक लिहिणारा कंडक्टर आपल्या डेपोत एकच होता.

सूर्याचं नाव मी काढलं नाही, डेपो मॅनेजरने काढलं. सत्तावीस वर्षं पहाटेची पहिली गाडी चालवली, एकदाही उशीर नाही, एकच अपघात आणि तोही सूर्याच्या कृपेने, असं तो भाषणात म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. हातात फुलांचा गुच्छ धरून उभ्या माणसाने दुसरं काय करायचं?

तू ती गोष्ट तुझ्या पद्धतीने सांगत आलास, म्हणून आज मी माझ्या पद्धतीने लिहितो. खाणीच्या अलीकडे रस्ता पूर्वेला वळतो. समोर दोन टेकड्या आणि मधली खिंड. अकरा वर्षांपूर्वी १९ नोव्हेंबरच्या सकाळी सूर्य थेट काचेवर आला, मला पुढचं काही दिसलं नाही आणि रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी निघालेला खाणीचा पहारेकरी गाडीखाली आला. त्याचा डावा पाय गुडघ्यापासून गेला. चौकशीत मी हे सांगितलं. तू सांगितलंस की ऊन नव्हतंच, मी तुझ्याकडून चहा घेत होतो आणि माझी मान मागे वळलेली होती. साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. सूर्योदय सहा चाळीस, अपघात सहा पंचावन्न. म्हणजे सूर्य उगवलेला होता. मी सुटलो आणि तू खोटा ठरलास. डेपोतले लोक तुला फितूर म्हणायला लागले, ते मी त्यांना शिकवलं नव्हतं. बदली तू स्वतः मागून घेतलीस.

रोज त्या वळणावर गाडी हळू झाली की तू माझ्या थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे करायचास, हे मी कबूल करतो. त्या दिवशी मात्र चहा वळणाच्या आधीच पिऊन झाला होता.

तर आता माझं ऐक. लेकीने तिचा जुना कॅमेरा मला दिलाय. मुठीत मावतो. बॅटरीचं झाकण तुटलंय, तिथे रबरबँड लावलंय. मी त्या वळणावर जाणार आहे, पण फक्त १९ नोव्हेंबरला नाही. आजपासूनच जाणार आहे. हात बसवून घेईन, उगवता सूर्य कसा टिपायचा ते शिकेन आणि त्या दिवशीचा असा फोटो तुझ्या हातात ठेवीन की तुला तोंड उघडायला जागा राहणार नाही. आता मला वेळच वेळ आहे.

— ड्रायव्हर


२३ ऑगस्ट

चिमटा,

सोबत फोटो आहे. आधी तो बघ आणि मग पुढचं वाच.

बघितलास? खिंडीच्या बरोब्बर मध्ये सूर्य. वेळ सहा पंचावन्न. खाली रस्ता आहे, पण तो तुला दिसणार नाही, कारण सगळा काळा आलाय. कॅमेऱ्यालासुद्धा काही दिसलं नाही, मग माझ्या डोळ्यांना काय दिसणार होतं?

हा एक फोटो मिळवायला मला सतरा दिवस लागले. पहिले चार दिवस सगळे फोटो हललेले आले, जणू मी ते खड्ड्यातून जाणाऱ्या गाडीत बसून काढले होते. साठीला टेकलेला हात, बटण दाबलं की कॅमेऱ्याला झटका बसतोच. स्टँड मिळतो बाजारात, पण स्टँड या कॅमेऱ्यापेक्षा भारी दिसला असता. मग मी जुन्या युनिफॉर्मच्या पँटचा एक पाय कापला, तुझ्या वहिनीने दोन्ही तोंडं शिवली आणि आत वाळू भरली. ती पिशवी मैलाच्या दगडावर ठेवायची, तिच्यात कॅमेरा रुतवायचा आणि दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असं बटण लावून बाजूला व्हायचं. जराही हलत नाही. सांगायचा मुद्दा, ती पँट अजून कामावर आहे.

नंतर तीन दिवस काचेवर धुकं. कॅमेऱ्याला गारवा बाधू नये म्हणून मी तो मफलरमध्ये गुंडाळून स्वेटरच्या आत पोटाशी धरून नेत होतो. सायकल मारताना घामाची वाफ आत कोंडायची आणि तिथे बाहेर काढला की काच पांढरी! पुसली की पुन्हा पांढरी. फोटो छापून देणारी स्टुडिओवाली बाई हसून हसून खुर्चीत बसली. म्हणाली, काका, ते काय तान्हं बाळ आहे? रात्रभर गॅलरीत गारव्यात ठेवा. ठेवला, आणि धुकं गेलं. ऑर्डरी सोडताना ती मला आपल्या जुन्या ट्रॅफिक इन्स्पेक्टरसारखी वाटते, पण शिकवते नीट.

पहाटे साडेपाचला सायकलने निघतो. वहिनी थर्मास भरून देते. एकटाच बसून वाटीतून चहा पितो. आधी टेकडीची कड जांभळी होते, मग एक फिकट पट्टा येतो आणि पाखरं एकदम गलका करतात. सत्तावीस वर्षं मी त्याच वेळेला तिथून गेलो आणि यातलं मला काहीही माहीत नव्हतं, हे मात्र तुला मान्य करतो.

बाकी फोटोवर तुझं म्हणणं काय ते कळव.

— ड्रायव्हर


१२ सप्टेंबर

चिमटा,

तुझं उत्तर मिळालं. “तारीख?” एवढंच. अख्ख्या कार्डावर एक शब्द. पूर्वी तिकिटावरसुद्धा तू याहून जास्त लिहायचास.

तारीख २२ ऑगस्ट होती. बरं मग? वळण तेच, वेळ तीच, खिंड तीच. सूर्यही एकच आहे, नोव्हेंबरसाठी वेगळा ठेवलेला नाही. तरी तुला १९ नोव्हेंबरच हवी असेल तर तीही देतो. मी काही हटणार नाही.

शिकणं चालू आहे. बाईंनी मला सांगितलं की जमीन काळी येते तो कॅमेऱ्याचा दोष. त्याला एका वेळी एकतर आभाळ नीट पकडता येतं नाहीतर जमीन. माणसाचा डोळा दोन्ही सांभाळतो. मी म्हणालो, बाई, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात? तिला काही कळलं नाही, कळणार तरी कसं! मग तिने उजेड कमी-जास्त करायचं बटण दाखवलं. आता मी एकामागून एक तीन फोटो काढतो, एक उजळ, एक मध्यम, एक गडद. सूर्य दिसायच्या आधी अर्धा तास सगळ्यात चांगला उजेड असतो हेही कळलं. आणि सूर्य मधोमध ठेवायचा नाही. समोर एखादं कुंपण किंवा झाड घ्यायचं, म्हणजे बघणाऱ्याला उभं राहायला जागा मिळते. परवा कुंपणाच्या तारेवर दव धरलेला एक फोटो आला. तो तिने न विचारता मोठा करून दुकानात लावला. तुझी वहिनी तो बघायला खास साडी बदलून गेली.

एक गंमत लिहितो. वाळूची पिशवी बहुतेक एका बाजूने बसली आहे. फोटोत सूर्य खिंडीच्या मध्ये न येता उजवीकडे येतोय. दोन-तीन दिवस पिशवी थोपटून बघितली. दगडही जरा कललेला असेल.

— ड्रायव्हर


११ ऑक्टोबर

चिमटा,

पिशवी ठीक आहे. दगडही सरळ आहे.

बाईंकडे सगळे फोटो ओळीने मांडले. तिने पेन्सिलीने प्रत्येकात सूर्यावर एक टिंब केलं. टिंबं उजवीकडे चालत गेली आहेत. थंडी जवळ येते तसा सूर्य दक्षिणेकडे सरकतो, हे शाळेत शिकलो असणार, पण ते वर्गातलं होतं, रस्त्यावरचं नव्हतं. काल सूर्य उजवीकडच्या मोठ्या टेकडीच्या उतारावरून वर आला आणि खिंडीत नुसती सावली होती.

मोठी टेकडी किती उंच आहे ते तुला माहीत आहे. मी त्यावर आज काही लिहिणार नाही. अजून पाच आठवडे आहेत. आभाळात ढग असले तर वेगळं, नसले तर वेगळं. मी रोज जातो आहे आणि जाणार आहे.

पायाला गोळे येतात. वहिनी म्हणते, आता पुरे. मी ऐकत नाही.

— ड्रायव्हर


४ नोव्हेंबर

चिमटा,

हे पत्र लिहायचं जिवावर आलंय. पण अर्धवट सांगायची सवय मला आधीच महागात पडली आहे.

गेल्या रविवारी मी ऑगस्टमधला तो खिंडीतला सूर्य पुन्हा काढायचं ठरवलं. म्हणजे फोटो जुनाच, तारीख नवी. या कॅमेऱ्यात फोटोच्या कोपऱ्यात तारीख उमटवायची सोय आहे, आजवर मी ती चालूच केली नव्हती. आत जाऊन ती बदलता येते, मला कोणी सांगितलं नव्हतं, मीच शोधून काढलं. जुना फोटो कागदावर मोठा करून घेतला, टेबलावर दिव्यासमोर ठेवला, कॅमेऱ्यात १९ नोव्हेंबर, सहा पंचावन्न घातलं आणि फोटोचा फोटो काढला. एकदम झकास आला. वाळूच्या पिशवीवरून, दहा सेकंद लावून, हात न हलवता. तीन महिने जे शिकलो ते सगळं त्या लबाडीत वापरलं. छापून आणला की १९ तारखेनंतर तुला पाठवायचा म्हणून पाकिटावर तुझा पत्ताही लिहून ठेवला.

वहिनी भाजी निवडत होती. सगळं बघत होती. ती म्हणाली,

“त्या दिवशी थर्मास घरी आला, झाकण नाही आलं.”

मी म्हणालो, कुठल्या दिवशी? ती म्हणाली, “मी अकरा वर्षं त्याच्यावर वाटी ठेवतेय. चहा आधीच पिऊन झाला असता, तर झाकण फिरवून परत लागलं असतं ना?” आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. मी गावभर, डेपोभर, चौकशीभर बोलत सुटलो होतो आणि घरात या बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने मला एकदाही तोंडघशी पाडलं नाही. याचं मला बरं वाटलं की लाज वाटली, ते मला सांगता येत नाही. बहुतेक लाजच.

पाकीट फाडलं. कॅमेऱ्यातला फोटो पुसून टाकला. तारीख परत खरी लावली.

तरीही मी १९ला जाणार आहे. तू म्हणशील, आता कशाला? तर एवढ्यासाठी, की मला अजून वाटतं, ऊन होतं. शप्पथ. डोळे मिटले की मला तो झगझगाट दिसतो. इतक्या वेळा सांगितलंय की दिसायला लागलाय. हा नाद फक्त त्या सकाळी तिथे उभं राहूनच जाईल.

— ड्रायव्हर


१९ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा

चिमट्या,

आत्ता येऊन बसलो. फोटो छापायला टाकलाय, तो मागाहून येईल. आधी लिहून घेतो, नाहीतर दुपारपर्यंत मी स्वतःला पुन्हा काहीतरी पटवीन.

सहा वाजताच पोचलो होतो. आभाळात एक ढग नाही. घड्याळ काल रेडिओवर लावून घेतलं होतं. सहा चाळीसला कॅलेंडरप्रमाणे सूर्य उगवला. टेकडीमागे. मला फक्त तिची कड उजळलेली दिसली. सहा पन्नासला कॅमेरा पिशवीत बसवला, उजेड मध्यम ठेवला, समोर कुंपणाचा खांब घेतला. सहा पंचावन्नला बटण दाबलं.

अरे, इतका स्वच्छ उजेड मी तीन महिन्यांत पाहिला नव्हता. ऊन नाही, सावली नाही, सगळं सारखं दिसतं. रस्त्याची पांढरी कड दिसते. खाणीच्या फाट्यावरची पाटी दिसते, वाचता येत नाही पण दिसते. लांबून एक बाई सायकलवरून येत होती. ती दिसली तेव्हापासून माझ्या शेजारून जाईपर्यंत मी मोजत होतो. बेचाळीस सेकंद. तिच्या पिशवीचा रंग हिरवा होता.

सूर्य टेकडीवर आला तेव्हा सात वाजून चौदा मिनिटं झाली होती. तोवर आपली गाडी रोज पुढचे दोन थांबे घेऊन गेलेली असायची.

ऊन नव्हतं. ऑगस्टमधलं ऊन मी उचललं आणि नोव्हेंबरात नेऊन ठेवलं. झाकण काठोकाठ भरलं होतं, तू म्हणालास, नीट धर, सांडेल. मी मान वळवून झाकणाकडे बघितलं. चहा सांडू नये म्हणून बघितलं. रस्त्यावरून नजर काढून मी चहा सांभाळत होतो. साहेबांसमोर तू हेच सांगितलंस आणि पुढे स्वतःहून म्हणालास की चहा मीच दिला, चूक माझीही आहे. तुला तसं म्हणायची काही गरज नव्हती. मी खुर्चीत बसून ते ऐकलं आणि कॅलेंडरकडे बोट दाखवलं. हो, बोट मीच दाखवलं होतं. साहेबांना आपणहून सुचलं नव्हतं. पहिल्या पत्रात हे मी गाळलं.

आता मला दोन ठिकाणी जायचंय. जाऊन आलो की लिहितो.


२७ नोव्हेंबर

चिमट्या,

फोटो सोबत आहे. स्टुडिओवाली बाई म्हणाली, काका, हा तुमचा सगळ्यात चांगला, सूर्य नाही तरीसुद्धा. दुकानात लावायला मागत होती. मी नाही दिला. तीन प्रती काढल्या, एक तुला आहे.

पहिली प्रत घेऊन पहारेकऱ्याकडे गेलो. तो खाणीमागच्या चाळीत राहतो, दाराशीच सायकली दुरुस्त करतो. मला बघून ओळखलं. अकरा वर्षांत मी एकदाही त्याच्याकडे गेलो नव्हतो, लांबून वळसा घालून जायचो. त्याने हातातलं चाक खाली ठेवलं नाही. मी फोटो पुढे केला आणि जे झालं ते सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तो चाकाच्या तारा आवळत ऐकत राहिला. 

मग तो म्हणाला, “मला तुमचं तोंड दिसलंच नव्हतं. डोक्याची मागची बाजू दिसत होती. मी घंटी वाजवत राहिलो.”

मी विचारलं, मग तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?

“सांगितलं की. हॉस्पिटलात चौकशीची दोन माणसं आली होती. ती म्हणाली, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर ऊन होतं, ते ठरलंय.”

मी माफी मागितली. त्याने ती घेतली असं मी म्हणणार नाही. बराच वेळ तो फोटो बघत होता, झाडं वाढली आहेत म्हणाला. निघताना म्हणाला, “तुमचा कंडक्टर बदली होईपर्यंत दर महिन्याला येऊन बसायचा इथे. त्याला सांगितलंत का?” हे मला माहीत नव्हतं. तू मला कधी बोलला नाहीस. बोलणार कसा म्हणा, मी तुझ्याशी बोलत कुठे होतो.

दुसऱ्या दिवशी डेपोत गेलो. माझा जबाब घरी लिहून नेला होता, दोन पानं, खाडाखोड न करता, सोबत फोटोची दुसरी प्रत. कारकून म्हणाला, काका, ती फाइल केव्हाच बंद झाली, आता हे कुठे लावू? मी म्हणालो, ते तू ठरव, मला पोच दे. मॅनेजरसाहेब बाहेर आले. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, निवृत्त झालात, अब्रूने घरी बसा, जुनी मढी कशाला उकरता. भला माणूस आहे. मी बाकावर बसून राहिलो. जेवणाची सुट्टी झाली, संपली, तरी बसून राहिलो. तीनला त्यांनी शिक्का मारला. जबाबाची प्रत या पाकिटात आहे, तिच्यावर तुला तो शिक्का दिसेल. पुढे जे व्हायचं ते होईल.

पण कागदावर शिक्का बसला म्हणून तुझ्या नावावरचा डाग जात नाही, तो तर कँटीनमध्ये लागला होता. म्हणून मी कँटीनमध्ये गेलो. शिफ्ट बदलायची वेळ होती, आपल्या वेळचे सात-आठ जण होते, बाकी नवीन. मी उभा राहून दोन्ही पानं मोठ्याने वाचली.  तू खरं बोललास आणि मी खोटं, तू फितूर नव्हतास, फितूर मी होतो, हे शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं, ते तोंडाने जोडलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत की कोणी शिव्या दिल्या नाहीत. तुला सगळ्यात जास्त टोचून बोलणारा तो चेकर उठून बाहेर गेला. नव्या पोरांनी बशा उचलल्या.

आपला म्हातारा मेकॅनिक कोपऱ्यात बसला होता. हात पुसत माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता हा काहीतरी सुनावणार. त्याने विचारलं, चिमटा कसा आहे?

मला सांगता आलं नाही. तुझी बायको कशी आहे, तुझा गुडघा दुखायचा तो दुखतो का, तू निवृत्त झालास की अजून गाडीवर आहेस, मला यातलं काहीही माहीत नाही. चार महिने मी तुला पत्रं लिहितोय. सगळी आठवून बघितली. सूर्य आहे, कॅमेरा आहे, पँट आहे, माझे पाय दुखतात ते आहे. एकाही पत्रात मी हे विचारलेलं नाही.

कसा आहेस?